टेलवरच्या पेशी

इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या गोठणगाव-केशोरीच्या पट्ट्यातला एखादा माणूस गोंदियाला किंवा नागपूरला ऑपरेशन करून घरी येतो. टाके सुकत आलेले असतात, जेवण पूर्ववत झालेलं असतं, आणि आठ-दहा दिवसांनी त्याचे डोळे पिवळे दिसू लागतात. घरात पहिला संशय भुलीच्या औषधावर जातो. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो. हर्निया, सिझेरियन, पिशवी काढणं, यांतली बरीच ऑपरेशनं पाठीत सुई देऊन होतात. त्यात रुग्ण भुलीचा वायू हुंगतच नाही. शिवाय पूर्व विदर्भात काविळीला कारणांची वाण नाही. सिकलसेल असलेल्या माणसाच्या लाल पेशी ऑपरेशनच्या ताणाने फुटून कावीळ दिसू शकते. मलेरिया आहे, स्क्रब टायफस आहे, दूषित पाण्यातून येणारी कावीळ आहे, क्षयाच्या गोळ्या आहेत, मोहाची दारू आहे, आणि काविळीवर उतारा म्हणून घेतलेला झाडपालासुद्धा कधीकधी यकृतावरच उलटतो.

हे सगळं मान्य केलं तरी तो संशय अगदीच खुळा म्हणता येत नाही. श्वासावाटे दिली जाणारी काही भुलीची औषधं यकृताला खरोखरच इजा करतात, आणि हे कळायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात कुत्री, माकडं, उंदीर, ससे, गिनीपिग अशा असंख्य प्राण्यांना भूल देण्यात आली. त्यांनी दिलेली उत्तरं कधी अपुरी होती, कधी फसवी, आणि कधी भलत्याच प्रश्नाची होती. या शास्त्राचा रंजक भाग तोच आहे.

आधी यकृताची रचना थोडी समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. यकृत हा एकसंध गोळा नसतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंदीच्या असंख्य षटकोनी खंडिकांनी ते बनलेलं असतं. प्रत्येक खंडिकेच्या कोपऱ्यांतून रक्त आत शिरतं आणि पेशींच्या रांगांमधून वाहत मध्यावरच्या शिरेत जाऊन पडतं. या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून आलेलं असतं, म्हणजे त्यातला बराचसा ऑक्सिजन आधीच वापरला गेलेला असतो. उरलेल्या ऑक्सिजनपैकी वाटेवरच्या पेशी आपापला वाटा उचलतात. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचा कालवा अर्जुनी-मोरगावातून पुढे भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या धानापर्यंत जातो. त्या कालव्यावर टेलवरच्या शेतकऱ्याची जी गत, तीच खंडिकेच्या मध्यावरच्या पेशींची. वरच्यांचं भागल्यावर जे उरेल त्यावर त्यांना निभवावं लागतं.

गंमत अशी, की बाहेरून आलेल्या रसायनांची मोडतोड करणारी विकरं (एन्झाइम्स) याच टेलवरच्या पेशींमध्ये सर्वांत जास्त असतात. म्हणजे ऑक्सिजन सगळ्यांत कमी आणि काम सगळ्यांत धोक्याचं. भुलीच्या वायूने यकृताला थेट इजा झाली तर ती बहुतेकदा खंडिकेच्या मध्यापासून सुरू होते. सूक्ष्मदर्शकाखाली कडेच्या पेशी धडधाकट आणि मधल्या मेलेल्या, असं चित्र दिसतं. या विषयावरच्या प्राण्यांच्या प्रयोगांत ते पुन्हा पुन्हा समोर येतं.

भुलीच्या औषधांवरचे एकोणिसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले प्राण्यांवरचे प्रयोग झाले ते लंडन-पॅरिसमध्ये नव्हे, हैदराबादेत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे ज्या निजामी राज्यात होते त्याची ही राजधानी. तेव्हा हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे, फक्त आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

पार्श्वभूमी अशी. १८४७च्या नोव्हेंबरमध्ये एडिनबराच्या जेम्स यंग सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणलं. ते ईथरपेक्षा गोड वासाचं, झटपट गुंगी आणणारं आणि पेट न घेणारं होतं. पण जानेवारी १८४८मध्येच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी न्यूकॅसलजवळ पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून एक वाद पेटला. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय? एडिनबराकडचे म्हणायचे, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. लंडनकडचे म्हणायचे, नाडी सोडाल तर रोगी गमवाल.

हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिनबराच्या परंपरेतले, सर्जन जेम्स साइम यांचे शिष्य. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८मध्ये पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमवलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की प्रत्येक वेळी श्वास आधी थांबतो. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा आणि डोळ्यांनी बघा. ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन १८८९च्या अखेरीस हैदराबादेत उतरले. दुसऱ्या कमिशनमध्ये लॉरी आणि ब्रंटन यांच्याबरोबर बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी होते. कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या, मांजरं, ससे असे काहीशे प्राणी वापरले गेले. रक्तदाब मोजणारी यंत्रं लावली गेली. ब्रंटन आले तेव्हा त्यांचं मत उलट होतं. परतताना तेही लॉरींच्या बाजूचे झाले.

या मेडिकल स्कूलचा एक चांगला वारसाही आहे. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये जिचं नाव घेतलं जातं ती रूपाबाई फर्दुनजी इथेच शिकली आणि पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देत राहिली.

लॉरींचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११मध्ये गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवर दाखवलं, की अर्धवट, हलक्या क्लोरोफॉर्मच्या भुलीत अ‍ॅड्रिनलिन वाढलं तर हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकतं. हैदराबादच्या कुत्र्यांना भूल भरपूर आणि सतत दिली जात होती. घाबरलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाची अवस्था त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण माझ्या मते त्या प्रयोगांतली मोठी फट दुसरीच होती. प्रश्न श्वासाचा आणि नाडीचा होता, आणि त्याचं उत्तर मिनिटांत मिळत होतं. यकृताची इजा दिसायला एक-दोन दिवस जावे लागतात. त्यासाठी प्राणी जगला पाहिजे, शुद्धीवर आला पाहिजे आणि कुणीतरी त्याची वाट बघत बसलं पाहिजे. टेबलावरच दगावलेलं कुत्रं यकृताविषयी काही सांगू शकत नाही. इतके प्राणी खर्ची पडले, आणि क्लोरोफॉर्मचा तो दुसरा, उशिरा येणारा अपाय तिथे नजरेत येण्याची शक्यताच नव्हती.

तो नजरेत आला लंडनमध्ये, आणि मुलांच्या जिवावर. १८९४मध्ये लेनर्ड गथ्री या बालरोगतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्येच काही मुलांची हकिगत मांडली. ऑपरेशन नीट पार पडलेलं, मूल भुलीतून जागंही झालेलं. मग उलट्या, तळमळ, बरळणं, बेशुद्धी आणि काही दिवसांत मृत्यू. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेलं. त्यावर आक्षेप असा होता, की ही मुलं आधीच आजारी असतील. आक्षेप वाजवी होता, आणि तो माणसांत खोडून काढणं शक्य नव्हतं. इथे प्राणी कामाला आले.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज व्हिपल नावाचा तरुण रोगनिदानतज्ज्ञ होता. १९०९मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी स्पेरी याने निरोगी कुत्र्यांना एक-दोन तास क्लोरोफॉर्म दिलं, त्यांना शुद्धीवर येऊ दिलं आणि मग निरनिराळ्या दिवशी त्यांची यकृतं तपासली. एक-दोन दिवसांत प्रत्येक खंडिकेचा मध्य मेलेला दिसला, काही कुत्र्यांत निम्म्याहून अधिक. म्हणजे आधीच्या आजाराची गरज नव्हती. क्लोरोफॉर्म एकटंच पुरेसं होतं. पण व्हिपलला याहून विलक्षण वाटलं ते पुढचं. जी कुत्री वाचली त्यांचं यकृत दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झालं, व्रणही न ठेवता.  यकृताच्या या ध्यासातून व्हिपल पुढे रक्तक्षयाकडे वळला आणि यकृत खाऊ घातल्याने कुत्र्यांचं रक्त भरून येतं हे दाखवल्याबद्दल त्याला १९३४चं नोबेल वाटून मिळालं.

व्हिपलच्या आणखी दोन नोंदी आजही वाचण्यासारख्या आहेत. पहिली पिल्लांची. जन्मल्यापासून सुमारे तीन आठवड्यांपर्यंत कुत्र्याच्या पिल्लाच्या यकृताला क्लोरोफॉर्मने जवळजवळ काहीच होत नाही. त्या वेळी हे कोडंच होतं. दुसरी नोंद आहाराची, १९१९ची, डेव्हिससोबत केलेली. उपाशी कुत्र्यांच्या यकृताची सर्वाधिक हानी होते, चरबीयुक्त खाणं दिलं तरी ती टळत नाही, पण साखर, पिठूळ पदार्थ आणि साय काढलेलं दूध दिलेल्या कुत्र्यांची हानी बरीच कमी होते.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच ठिकाणी निघालं, पण ते निघायला सत्तरचं दशक उजाडलं. क्लोरोफॉर्म स्वतः यकृताला मारत नाही. यकृताची विकरं त्याचं विघटन करायला जातात आणि त्यातून फॉस्जीन तयार होतं. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला विषारी वायू. तो जिथे तयार होतो तिथल्याच प्रथिनांना चिकटतो. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू असतो. तो फॉस्जीनला पकडून निकामी करतो. ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरते. आता पिल्लांचं गणित सुटतं : त्यांची विकरं अजून नीट कामाला लागलेली नसतात, म्हणून विष बनतच नाही. उपाशी कुत्र्यांचंही सुटतं : उपासाने ग्लुटाथायोन घटतं, शिवाय उपासात या विकरांची धावपळ वाढते. लंडनच्या मुलांपैकी काही मुलं ऑपरेशनआधी किती तास उपाशी होती, याचा विचार करायला हवा.

हे वाचून कुणी आज ऑपरेशनच्या सकाळी चहा-पोहे खाऊन जाऊ नये. पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका यकृताच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. किती तास आधी काय बंद करायचं हे भूलतज्ज्ञ सांगतात तसंच करावं; पाणी बहुतेक वेळा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तेही विचारूनच.

क्लोरोफॉर्म गेलं, ईथर राहिलं. ईथर यकृताशी बरंच सौम्य वागतं, पण पेट घेतं, आणि विजेवर चालणारी उपकरणं ऑपरेशन थिएटरात येऊ लागल्यावर ते धोक्याचं झालं. पेट न घेणारं, सुरळीत भूल देणारं काहीतरी हवं होतं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतल्या चार्ल्स सकलिंगने १९५१मध्ये हॅलोथेन बनवलं. हे औषध योगायोगाने सापडलं नव्हतं. फ्लोरिनचे अणू कुठे बसवले तर रेणू पेटणार नाही आणि शरीरात मोडणार नाही, याचा विचार करून ते घडवलं होतं. जेम्स रॅव्हेंटोस या औषधशास्त्रज्ञाने ते प्राण्यांवर तपासलं, यकृतासह. काळजीचं काही निघालं नाही. जानेवारी १९५६मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉनस्टनने ते रुग्णांवर वापरायला सुरुवात केली. काही वर्षांत ते जगभर पोचलं. भारतात तर अगदी अलीकडेपर्यंत अनेक रुग्णालयांतल्या भूल देण्याच्या बॉइल मशीनवर हॅलोथेनचं व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारं भांडं, हमखास दिसायचं. स्वस्त, गोड वासाचं, लहान मुलांना मास्कवरून देता येणारं.

१९५८पासून मात्र नव्याच प्रकारच्या नोंदी येऊ लागल्या. ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांनी किंवा आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, मग कावीळ, आणि काहींत यकृत पूर्ण कोसळून मृत्यू. यातल्या बऱ्याच जणांना हॅलोथेन एकदा नव्हे, थोड्या अंतराने दोनदा दिलेलं असायचं.

अमेरिकेने यावर एक प्रचंड अभ्यास केला. त्याचा अहवाल १९६९चा. चौतीस रुग्णालयांतल्या साडेआठ लाखांहून अधिक भुलींच्या नोंदी तपासल्या. यकृताचा बहुतांश भाग मरून मृत्यू आलेले रुग्ण मिळाले ८२. त्यातल्या बहुतेकांचं कारण दुसरंच निघालं : शॉक, जंतुसंसर्ग, हृदयविकार. कारण सांगता येईना असे ९ उरले आणि त्या नवांपैकी ७ जणांना हॅलोथेन मिळालं होतं. हिशोब निघतो सुमारे पस्तीस हजारांत एक. आणि गंमत म्हणजे हॅलोथेन दिलेल्या सगळ्यांचा एकूण मृत्युदर इतर भुलींच्या सरासरीपेक्षा थोडासा कमीच होता. औषध एकंदरीत चांगलं, पण क्वचित कुणाला जीवघेणं. त्याला हाताळायचं कसं, यावर पुढची वीस वर्षं भांडणं झाली.

रॅव्हेंटोसला दोष देण्याआधी एक आकडेमोड करून बघावी. पस्तीस हजारांत एकाला होणारी इजा प्राण्यांत पकडायची असेल, आणि प्राण्यांतलं प्रमाण माणसाइतकंच धरलं, तर ती एकदा तरी दिसेल याची पुरेशी खात्री हवी म्हणून लाखाहून जास्त प्राण्यांना भूल द्यावी लागेल. जगातली कुठलीही प्रयोगशाळा हे करत नाही, आणि करूही नये. प्राण्यांचे प्रयोग ठळक विष पकडतात. दुर्मीळ विष त्यांच्या जाळीतून निसटतं.

उलटी चूकही होते, आणि तिची कहाणी हॅलोथेनच्याच पिढीतली आहे. फ्ल्युरोक्सीन नावाचं औषध पन्नाशीच्या दशकात माणसांवर वापरात आलं आणि बरीच वर्षं ठीक चाललं. मग लक्षात आलं, की कुत्री, मांजरं, ससे त्याने मरतात. या प्राण्यांच्या यकृतात त्याच्यापासून ट्रायफ्लुरोइथेनॉल नावाचं विष भरपूर बनतं. माणसात विघटनाची वाट मुख्यतः वेगळी. सत्तरच्या दशकात ते औषध बाजारातून गेलं. ते आधी मांजरांवर तपासलं असतं तर माणसापर्यंत कधीच पोचलं नसतं. आणि हॅलोथेन मांजरांवर कितीही तपासलं तरी पोचलंच असतं.

हॅलोथेनकाविळीची नक्कल प्राण्यांत उतरवण्याचा प्रयत्न पुढे जोरात झाला. साधे उंदीर दाद देईनात. मग अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७९मध्ये उंदरांना आधी काही दिवस फेनोबार्बिटल देऊन यकृताची विकरं वाढवली आणि मग हवेतला ऑक्सिजन एकवीसऐवजी चौदा टक्क्यांवर आणून हॅलोथेन दिलं. दुसऱ्या दिवशी खंडिकांचा मध्य मेलेला. टेलवरच्या पेशींना आधीच ऑक्सिजनची ओढाताण, त्यात तो आणखी कमी केला, आणि विघटनाची विकरं फुगवलेली. चित्र हवं तसं आलं, पण ते माणसाचं चित्र होतं का? ज्या रुग्णांना कावीळ झाली त्यांना भुलीत बहुधा भरपूर ऑक्सिजन दिलेला असतो. शिवाय इतर संशोधकांनी दाखवलं, की इतका कमी ऑक्सिजन ठेवला तर दुसऱ्या भुलीच्या औषधांखालीही उंदराचं यकृत दुखावतं. मग दोषी हॅलोथेन की गुदमर? या वादात पुष्कळ उंदीर कामी आले.

गिनीपिग अधिक प्रामाणिक निघाले. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल कझिन्सच्या गटाने १९८५च्या सुमारास दाखवलं, की कुठलंही औषध आधी न देता, साध्या हवेइतक्याच ऑक्सिजनमध्येही, काही गिनीपिगांच्या यकृताला हॅलोथेनने इजा होते आणि काहींना होत नाही. म्हणजे प्रवृत्ती अंगातच असते. माणसातही असंच सौम्य दुखणं दिसतं : हॅलोथेन मिळालेल्या दर चार-पाच जणांपैकी एकाच्या रक्तात यकृताची विकरं थोडी वाढतात आणि आपोआप उतरतात. रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण जीवघेणी कावीळ ही या सौम्य दुखण्याची पुढची पायरी नव्हे, ते प्रकरण निराळं आहे.

ते निराळेपण ज्याच्यामुळे कळलं तो प्रयोगशाळेतला प्राणी नव्हता. तो एक भूलतज्ज्ञ होता. १९६९मध्ये क्लॅट्स्किन आणि किम्बर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. कामावर गेला की त्याला पुन्हा पुन्हा कावीळ यायची. खात्रीसाठी त्याला मुद्दाम अगदी थोडं हॅलोथेन हुंगायला दिलं. काही तासांत थंडी-ताप आला आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्या. इतक्या कमी मात्रेने थेट विषबाधा होत नाही. ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया होती. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या एका माणसाने सांगितलेलं हजारो उंदरांना सांगता आलं नव्हतं.

१९८०मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या व्हर्गानी आणि सहकाऱ्यांनी दुसरा दुवा जोडला. सशांना हॅलोथेन देऊन त्यांच्या यकृताच्या पेशी काढल्या आणि त्यांवर हॅलोथेनच्या जबर काविळीतून गेलेल्या रुग्णांचा रक्तद्रव घातला. रुग्णांची प्रतिपिंडं त्या पेशींना चिकटली. साध्या सशांच्या पेशींना चिकटली नाहीत. म्हणजे हॅलोथेनच्या विघटनातून निघालेला तुकडा यकृताच्या प्रथिनांना चिकटतो, ती प्रथिनं शरीराला परकी वाटू लागतात, आणि दुसऱ्या वेळी हॅलोथेन आलं की शरीर स्वतःच्याच यकृतावर चाल करून जातं. हा तुकडा म्हणजे ट्रायफ्लुरोअसिटिल गट. इथे प्राणी माणसाचा नमुना म्हणून वापरलेला नव्हता. त्याने फक्त बदललेलं यकृत पुरवलं, आणि उत्तर माणसाच्या रक्तात शोधलं गेलं. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. १९८६मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने सांगितलं, की तीन महिन्यांच्या आत हॅलोथेन पुन्हा देऊ नका, आणि आधीच्या वेळी विनाकारण ताप किंवा कावीळ झाली असेल तर कधीच देऊ नका.

यातून एक साधी गोष्ट स्पष्ट झाली, की यकृताची हानी औषधामुळे नाही तर त्याच्या विघटनामुळे होते. मग कमी विघटन होणारी औषधं शोधायची. हॅलोथेनचा सुमारे वीस टक्के भाग शरीरात मोडतो. एनफ्लुरेनचा दोन टक्के. आयसोफ्लुरेनचा ०.२ टक्के. डेसफ्लुरेनचा त्याच्याही दशांश. यकृताच्या दुर्मीळ इजेचं प्रमाणही साधारण याच क्रमाने घटत गेलं.

हे विघटन करणाऱ्या विकराला सीवायपी-टू-ई-वन म्हणतात, आणि गोंदिया-गडचिरोलीकडच्या वाचकाला त्यात रस वाटावा अशी बाब आहे. रोजच्या दारूने हे विकर वाढतं. मग ती मोहाची असो की बाटलीतली. क्षयावरच्या आयसोनियाझिडनेही ते वाढतं. उंदरांना बरेच दिवस अल्कोहोल देऊन नंतर हॅलोथेन दिलं तर यकृताची हानी जास्त होते, हे १९८३मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. उलट दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामचा एकच डोस हॅलोथेनचं हे विघटन माणसात बऱ्याच अंशी थोपवतो, हे अमेरिकेतल्या खराशने १९९६मध्ये मोजून दाखवलं. म्हणून भूलतज्ज्ञ ‘दारू घेता का, किती, रोज का?’ असं विचारतात तेव्हा ती चौकशी चारित्र्याची नसते. नातेवाईक शेजारी उभे आहेत म्हणून ‘नाही’ सांगणारे बरेच असतात. क्षयाच्या गोळ्याही लपवल्या जातात.

सेव्होफ्लुरेनचं विघटन तीन ते पाच टक्के होतं, म्हणजे आयसोफ्लुरेनपेक्षा बरंच जास्त. तरी त्यातून ट्रायफ्लुरोअसिटिल तुकडा निघत नाही, म्हणून त्याचा यकृताला असा धोका जवळजवळ नाही. त्याच्या बाबतीत प्राण्यांनी भलताच घोर लावला होता. भुलीच्या यंत्रातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना सेव्होफ्लुरेनशी मिसळला की ‘कंपाउंड ए’ तयार होतं, आणि त्याने उंदरांची मूत्रपिंडं बिघडतात. माणसांत मात्र लाखो भुलींनंतरही तसं दिसलं नाही, कारण ‘कंपाउंड ए’पासून विष बनवणारी विकराची वाट उंदरात जोरकस आहे, आपल्यात दुबळी.

कमी विघटनाचा फायदा प्राण्यांनाही पोचला. जगभर पक्ष्यांना भूल देताना पशुवैद्य आयसोफ्लुरेन पसंत करतात. पक्षी लवकर झोपतो, लवकर उठतो, यकृतावर भार पडत नाही. महाराष्ट्रातल्या शेवटच्या सारसांपैकी बहुतेक गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि विजेच्या तारांना धडकून ते जखमी होतात, मरतात. एखाद्या जायबंदी सारसाचा पंख दुरुस्त करायची वेळ आली तर त्याच्या चोचीवर धरायच्या मास्कमधून बहुधा हाच वायू जाईल. कुत्र्यांवर, उंदरांवर, गिनीपिगांवर शंभर वर्षं जे झालं त्याची ही एवढी परतफेड.

माणसांच्या दवाखान्यांत हॅलोथेनची जागा आता बहुतांशी आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनने घेतली आहे. तरी ज्यांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हॅलोथेन मिळालं असे लाखो लोक आज पन्नाशी-साठीत आहेत, म्हणजे पुन्हा ऑपरेशनच्या वयात. हॅलोथेनकाविळीचं प्रमाण मध्यमवयीन आणि स्थूल लोकांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, जास्त दिसलं होतं. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन यांच्याही विघटनातून, अगदी किंचित का होईना, तोच ट्रायफ्लुरोअसिटिल तुकडा निघतो, आणि एकदा त्याची ओळख पटलेली प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षांनी त्याला ओळखू शकते. म्हणून आधीच्या ऑपरेशननंतर कावीळ किंवा न उलगडलेला ताप आला होता का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि डिस्चार्ज कार्डावर भुलीच्या औषधाचं नाव लिहिलेलं असेल तर ते जपून ठेवावं. तसा इतिहास असलेल्या रुग्णाला बहुतेक भूलतज्ज्ञ वायू टाळून पाठीतल्या सुईने किंवा शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलने भूल देतात, आणि यंत्रावरचं जुनं व्हेपोरायझर आधी काढून बाजूला ठेवतात.